काचेवरची काजळी

माझ्या उजव्या नडगीवर तळहाताएवढा काळा डाग आहे. नातवंडं विचारतात तेव्हा "पोळलं होतं" एवढं सांगून मी मोकळी होते. पोळलं होतं हे खरंच आहे. पण नुसतं पोळून एवढं काळं होत नाही, हे त्यांना कुठून कळणार, आणि मी तरी कशाला सांगू.

निजामाचा अंमल होता. माझं माहेर सास्तूरच्या बाजूचं, कानडी मुलूख हाकेच्या अंतरावर. आईला आम्ही अव्वा म्हणायचो. घरात भांडणं मराठीत व्हायची आणि लाड कानडीत, म्हणजे मराठीच जास्त कानावर पडायची. अप्पा लवकर गेले. दुकान चुलते बघायचे आणि घर अव्वा बघायची. ती चालायला लागली की सगळ्यांच्या पुढं, आणि आम्ही मागं पळत. माझा तापटपणा तिच्याकडूनच आलेला आहे, तिच्यापाशी निदान तो झाकायची अक्कल होती.

सासर तामलवाडीकडचं. नांदायला जाऊन वर्ष व्हायच्या आतच चुलीवरून आंबिलीचं गाडगं उतरवताना त्याचा काठ माझ्या हातात राहिला आणि कढती आंबील नडगीवर सांडली. आंबील चिकट असते, ती पाण्यासारखी ओघळून जात नाही. कातडं सोलून निघालं. सासूनं तूप लावलं, शाई ओतली, राख चेपली. जखम भरेना. मग तिला वास यायला लागला आणि माझं अंथरूण सोप्यातून गोठ्याशेजारी गेलं. एक दिवस सासरे म्हणाले, "म्हायेरला जाऊन नीट हून ये." नीट झाले नाही तर काय, ते कुणी बोललं नाही. मीही विचारलं नाही. गाडीत बसताना वाटेतल्या बाया पदर नाकाला लावत होत्या, ते मला दिसत होतं. मेल्याहून मेल्यासारखं होणं काय असतं ते मला त्या गाडीत कळलं.

माहेरी अव्वानं पाय बघितला आणि तिच्या तोंडावर जवळजवळ आनंदच दिसला. आता हे काम तिच्या हातातलं होतं. अव्वाच्या हाताला गुण आहे असं आजूबाजूची गावं म्हणायची. गुडघा आखडला, टाच फुटली, केसतोड झाला की माणसं आमच्या दारात यायची. औषध एकच, बिब्बा. ती दाभणाच्या टोकाला बिब्बा टोचायची आणि दिव्याच्या ज्योतीवर धरायची. बिब्बा तडतडायचा, त्यातून काळं तेल सुटायचं आणि तो थेंब ती अचूक जागी टेकवायची. त्याबद्दल कुणाकडून तिनं कधी काही घेतलं नाही. "अव्वा हाईत म्हणून चालतोय," असं एखाद्या म्हाताऱ्या माणसानं म्हटलं की तिला तेवढं बास असायचं.

माझ्या जखमेच्या कडेनं ती रोज सकाळी असे थेंब टेकवत गेली. माझ्या डोळ्यांपुढं काजवे चमकायचे. चार दिवस जखम सुकल्यासारखी दिसायची, मग पुन्हा फुटायची आणि आधीपेक्षा मोठी व्हायची. आजूबाजूची कातडी उतायची, खाज सुटायची. "इख भाईर पडतंय," अव्वा म्हणायची. "दम धर." मी दम धरला. हिवाळ्यापर्यंत जखमेच्या कडा वर उचलून गाठाळ झाल्या होत्या. एका सकाळी चुलत्यांनी ती बघितली आणि ते म्हणाले, "आता बास. धाराशिवाला एक डाक्टर हाय, त्याच्याकडं खुर्दबीन हाय म्हणत्यात. तिकडं न्या हिला."

खुर्दबीन म्हणजे काय ते आमच्यात कुणालाच माहीत नव्हतं. निघायच्या आदल्या दिवशी अव्वानं खोबरं चावून त्याचा लगदा माझ्या नडगीवर खसाखसा चोळला. बिब्ब्याचा काळा रंग खोबऱ्यानं उतरतो. का चोळतेस, असं मी विचारलं तर म्हणाली, "परक्या मानसाम्होरं घान पाय घिऊन जायाचं का?" तेव्हा मला ते पटलं.

तो डॉक्टर आमच्याच मुलखातला होता, पण हैदराबादेत शिकलेला, आणि तिथलं सगळं शिक्षण उर्दूतून. त्यामुळे तो बोलायचा मराठी, मात्र रोगांची नावं सगळी उर्दूतली. दवाखाना त्याचा स्वतःचा, एका जुन्या घरात. मागं पत्र्याची शेड होती, तिथं आजारी माणसं आणि त्यांच्याबरोबर आलेली माणसं राहायची, अंगणात तीन दगड मांडून भाकरी भाजायची. डॉक्टर हुशार होता, मनाचाही वाईट नव्हता. एकच गोष्ट त्याला सहन व्हायची नाही. कुणी डाग देऊन, नाहीतर बिब्बा लावून आलं की त्याचं डोकं फिरायचं.

आम्ही ओसरीवर बसलो होतो आणि आमच्या आधी तेर गावचा एक म्हातारा होता. गुडघा सुजून टम्म झालेला आणि त्यावर बिब्ब्याचे काळे फोड. डॉक्टरनं त्याला ओसरीच्या खांबापाशी उभं केलं आणि सगळ्यांना सांगितलं, "हे बघा, हे तेरचे वैद्यराज! यांना आमची काय गरज? आपलं औषध आपण करतात. सगळ्यांनी दर्शन घ्या यांचं." ओसरी हसली. म्हातारा मान खाली घालून खांबाचा रंग खरवडत राहिला. मी अव्वाकडं बघितलं तर तीही हसत होती, पण हात पदराखाली होता आणि गळ्यातली लिंगाची डबी तिनं घट्ट धरली होती.

मग आमची पाळी आली. परक्या पुरुषासमोर लुगडं गुडघ्यापर्यंत वर घ्यायचं, तेही ओसरीवरच्या पन्नास डोळ्यांसमोर. वास सुटलेला. मी भिंतीकडं तोंड करून डोळे मिटले. माझं अंग लाजेनं नुसतं पेटलं होतं. डॉक्टर खाली बसला. त्याला वास येत नसल्यासारखा तो बराच वेळ बघत राहिला, कडा बोटांनी चाचपत राहिला.

"काय काय लावलं यावर?"

"काय बी न्हाय," अव्वा म्हणाली. "सासरी लावलं आसंल तूप न् शाई. म्या आपली इबूत लावती, पूजा झाली की."

"बिब्बा?"

"न्हाय."

"हे कडेनं काळं दिसतंय ते?"

"पोळलेलं हाय ते, डाक्टरसाहेब."

डॉक्टर वर बघून म्हणाला, "खरं सांगा मावशी. नाहीतर मला कळणार नाही." तो तेव्हा ओरडला नव्हता, साधंच विचारत होता. पण ओसरी कान देऊन ऐकत होती आणि खांबापाशी तो म्हातारा अजून उभाच होता. अव्वानं डबी पदराबाहेर काढली, तिच्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "या लिंगाची आन. म्या काय लावलं न्हाय."

ज्यांच्या गळ्यात लिंग नाही त्यांना हे कसं सांगावं. जन्मल्यापासून ते अंगावर असतं. आंघोळ झाली की डाव्या तळहातावर घेऊन त्याची पूजा करायची, मगच पाणी प्यायचं. मेल्यावर माणसाला बसवून पुरतात तेव्हाही ते तळहातावरच ठेवतात. त्याच्यावर हात ठेवून अव्वा खोटं बोलली, आणि तेही माझ्यादेखत. खरं सांगून टाकायचं त्या वेळी माझ्या मनातही आलं नाही. अव्वा आणि मी एका बाजूला, ओसरी दुसऱ्या बाजूला, एवढंच मला कळत होतं.

डॉक्टर म्हणाला, जखमेच्या कडेचा वाटाण्याएवढा तुकडा काढून बघावा लागेल. तो त्यानं काढला. मागच्या खोलीत त्याचं ते काम चालायचं. तुकडा औषधात ठेवायचा, मग मेणात घट्ट बसवायचा, धारदार पात्यानं त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, काचेवर ठेवून रंगवायचे आणि खुर्दबिनीतून, म्हणजे सूक्ष्मदर्शकातून, बघायचे. हे दोन घटकांचं काम नव्हतं, म्हणून आम्ही शेडमध्ये राहिलो.

आणि तिथंही अव्वानं बिब्बा सोडला नाही. सकाळी ती दोन खाटांच्या मध्ये लुगड्याचा आडोसा करायची. बाई पूजा करतेय म्हटल्यावर कोण डोकावणार? आत ती पूजेचा दिवा लावायची, लिंगाला विभूती लावायची, बेल वाहायची, आणि मग त्याच दिव्यावर दाभण धरायची. तुकडा काढलेल्या ताज्या जागीसुद्धा तिनं थेंब टेकवला. ओरडू नये म्हणून मी पदराचा बोळा तोंडात धरायची. बाहेर लोक म्हणायचे, काय भक्ती आहे बाईची, एक दिवस चुकत नाही.

काही दिवसांनी डॉक्टरनं दोघींना मागच्या खोलीत बोलावलं. तो खाली बघत बोलत होता, त्यावरूनच मी ओळखलं. "सरतान आहे," तो म्हणाला, आणि आम्हाला शब्द कळला नाही हे बघून त्यानं समजावलं. आता त्याला कॅन्सर म्हणतात. कातडीची मुळं खाली मांसात उतरली आहेत. अशी मुळं उतरत जातात आणि माणसाला घेऊन जातात. आत्ताच पाय गुडघ्याच्या वर कापला तर जीव वाचेल. सोलापूरला नेऊन कापावा लागेल.

अव्वा जमिनीवर बसली. मला रडू आलं नाही, राग आला. कुणाचा ते कळत नव्हतं. मी म्हणाले, "माझा पाय जायाचा हाय. मला बघू द्या, काय खातंय त्याला."

डॉक्टर चकित झाला. त्याला असं कुणी विचारलं नसावं. त्यानं मला खिडकीपाशी स्टुलावर बसवलं, आरसा उजेडाकडं वळवला. "डावा डोळा मिटा, उजवा नळीला लावा." आधी मला माझ्याच पापण्या दिसल्या. मग एकदम उजेड झाला आणि त्यात रंग होते, गुलाबी आणि जांभळे, एखाद्या इरकली लुगड्याचा काठ असावा तसे. हे माझ्या अंगातलं आहे यावर विश्वास बसेना. एवढी घाण वास मारणारी जखम आणि आत हे असं. डॉक्टर शेजारून सांगत होता, जांभळी बोटं खाली उतरलेली दिसतात ना, तीच मुळं. दिसत होती. आणि त्या बोटांच्या मध्ये, गुलाबी रंगात, बारीक काळे कण विखुरलेले होते.

"ते काळं काय?"

"ते मलाही समजलं नाही," डॉक्टर म्हणाला. "तीन-चार काप काढले, सगळ्यांत आहे. मेणात कचरा गेला असेल."

मला समजलं होतं. दिव्यावर बिब्बा धरला की ज्योत धुरकट होते, दाभणावर काजळी धरते आणि थेंबाबरोबर जखमेत पडते. ती काजळी मी रोज बघत होते. हैदराबादेत शिकलेल्या माणसाला ती ओळखता आली नाही, कारण तिथं ती असायलाच नको होती. माझ्या आईनं लिंगाची आण घेतली होती.

मी नळीवरून डोळा काढला. अव्वा जमिनीवर बसून माझ्याकडंच बघत होती. तिनं ऐकलं होतं. तिनं मान हलवली, इतकी थोडी की मलाच दिसावी. सांगू नको.

शेडमध्ये येऊन ती खूप रडली. "म्या तुला पाठीवर घिऊन फिरन," म्हणाली. "त्यांनी न्हाय नांदवलं तर माझ्यापाशी ऱ्हा. तुला काय कमी पडू द्यायची न्हाय." हे सगळं ती मनापासून म्हणत होती. माझी अव्वा खोटारडी नव्हती हो. तिचा स्वतःचा असा विश्वास होता की बिब्ब्यानं नुकसान होतच नाही. काळ्या कणांचा आणि पाय जाण्याचा काही संबंध असेल हे तिला पटणारच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं आडोसा केला, दिवा लावला, पूजा केली आणि बिब्बा टोचलेला दाभण ज्योतीवर धरला. मी पाय आखडून घेतला.

"आता कशाला लावतीस? कापायचाच हाय न्हवं?"

"जाता जाता तरी गुन यील."

"अव्वा, तू जाऊन सांग त्यास्नी. म्हन बिब्बा लावला हुता. त्यानं काय फरक पडतुया का इचार."

"लिंगाला हात लावून बोललीया म्या. आता फिरवलं तर तोंड कुठं दाखवू? समद्या मुलखात हुईल, हिनं खोटी आन घेतली म्हून."

"माझा पाय जातुया!"

"पाय तुझा हाय," अव्वा म्हणाली, "पर आन माझी हाय."

माझं डोकं फिरलं. मी आडोशाचं लुगडं ओढून खाली पाडलं. सगळ्या शेडनं बघितलं, लिंग तळहातावर, समोर दिवा, आणि हातात दाभणाला टोचलेला बिब्बा. नेमका त्याच वेळी डॉक्टर फेरीवर आला होता. मी ओरडून सांगितलं, "रोज लावतीया! पहिल्यापासून लावतीया! ते काळं म्हंजी ह्या दिव्याची काजळी हाय!"



अव्वानं बिब्बा मुठीत मिटला. तो गरम होता. तिची मूठ भाजत होती आणि ती उघडत नव्हती. ती डॉक्टरला म्हणाली, "पोरगी भ्याली हाय, डाक्टरसाहेब. पाय जानार म्हून काय बी बोलतीया. ह्यो माझ्या गुडघ्यासाठी हाय."

मला वाटलं आता डॉक्टर हिला खांबापाशी उभी करणार. ते झालं असतं तर मी काय केलं असतं कुणास ठाऊक. पण तसं झालं नाही. त्यानं अव्वाच्या मुठीकडं बघितलं, माझ्या पायाकडं बघितलं आणि तो मागच्या खोलीत गेला. बराच वेळ खुर्दबिनीवर वाकून बसला होता, मला दारातून दिसत होता. बाहेर आला तेव्हा त्याचा आवाज उतरला होता. मला म्हणाला, "चिडलेली कातडी आणि बिघडलेली कातडी काचेखाली कधी कधी सारखीच दिसते. काय लावलं होतं ते माहीत असेल तरच फरक कळतो. तुम्ही दोघी दोन सांगताय. पाय आता कापत नाही. महिनाभर नुसतं उकळलेलं पाणी आणि स्वच्छ पट्टी, दुसरं काहीही लावायचं नाही. मग पुन्हा तुकडा काढू." आणि थोडं थांबून म्हणाला, "तोवर यांनी शेडमध्ये यायचं नाही."

अव्वा आपलं गाठोडं घेऊन गेली. घरी गेली नाही. दवाखान्याच्या फाटकाबाहेर लिंबाचं झाड होतं, त्याच्याखाली तिनं बस्तान मांडलं. तिथंच भाकरी भाजायची आणि कंपाउंडरच्या हाती माझ्यासाठी आत पाठवायची. बाजारला आलेली आमच्याकडची माणसं तिला विचारायची, "अव्वा, तुमी भाईर का?" ती म्हणायची, "आत लई गरम हुतंय." हिवाळा होता.

जखम भरायला लागली. पहिल्यांदा वास गेला. मग कडा बसल्या. मग मध्ये तांबूस मांस दिसायला लागलं आणि कडेनं नवी कातडी धरू लागली. पट्टी बदलताना कंपाउंडर खूश होऊन शेजारच्या खाटेवाल्यांना दाखवायचा. त्यांना पाय बरा होताना दिसत होता. मला दिसत होतं की रोज सकाळी माझी आई थोडी थोडी खोटी ठरतेय. आणखी कुणी सांगायचीही गरज नव्हती, माझा पायच सांगत होता. मला बरं व्हायचं होतं, माझ्या पायावर चालत सासरी जायचं होतं, आणि तरी भाकरी खाताना मला स्वतःची इतकी लाज वाटायची की घास गिळवत नसे. भाकरीच्या पाठीवर तिची बोटं उमटलेली असायची. उजव्या हाताची दोन बोटं उमटत नव्हती, कारण तळहात भाजला होता आणि तिला नीट थापता येत नव्हतं.

महिना भरला. दुसरा तुकडा काढला, मेण झालं, काप झाले. मुळं नव्हती. डॉक्टर उजेडात काच धरून हसला आणि मला म्हणाला, "पाय तुमचाच राहिला." मी त्याच्यासमोर रडले, मोठ्यानं, लाज न बाळगता. एवढंच एक काम मी त्या दवाखान्यात लाज न बाळगता केलं.

त्यानं अव्वाला आत बोलावून घेतलं. ती दारातच थांबली. डॉक्टर उठला, तिला नमस्कार करून म्हणाला, "मावशी, या. बघून घ्या तुम्हीही." ओसरीवरच्या कुणालाही त्यानं आत येऊ दिलं नव्हतं. अव्वा स्टुलावर बसली, डोक्यावरचा पदर सावरला आणि नळीला डोळा लावला. मी तिच्या बाजूलाच उभी होते. मला दिसलं, नळीला लावलेला डोळा तिनं गच्च मिटलेला होता. दुसरा उघडा होता आणि तो खिडकीच्या चौकटीकडं बघत होता.

"दिसलं?" डॉक्टरनं विचारलं.

"व्हय. दिसलं."

"काय दिसलं?"

अव्वानं नळीवरून तोंड उचललं. मग म्हणाली, "काळं न्हाय आता."

डॉक्टरनं काच काढून घेतली. आम्ही फाटकातून बाहेर पडलो तेव्हा अव्वानं गाठोडं उचललं आणि मी पुढं होईपर्यंत ती थांबली. मोटारीच्या अड्ड्यापर्यंत ती माझ्या मागं चालली. मी वळून म्हणाले, "अव्वा, हो की म्होरं." ती म्हणाली, "तू चाल. म्या पाय बघती."

मी सासरी गेले, नांदले, मुलंबाळं झाली. अव्वानं बिब्बा पुन्हा हातात घेतला नाही. माणसं यायची, ती म्हणायची, "आता हात कापतुया," आणि त्यांना परत पाठवायची. हात कापत नव्हता. पूजा ती रोज करायची, पण त्यात दिवा लावायची नाही. कुणी विचारलं तर उत्तर द्यायची नाही, आणि मी कधी विचारलं नाही. लोकांनी आपापलं उत्तर काढलं. आपल्याकडं लोकांना तेवढं काम असतंच.

ती गेली तेव्हा मी पोचले. तिला न्हाऊमाखू घालून बसवलं होतं, कपाळभर विभूती. पुरायच्या आधी तळहातावर लिंग ठेवायचं होतं. जंगम स्वामी म्हातारे होते. त्यांनी दिवा मागितला आणि बायांमधून एक म्हातारी म्हणाली, "तिला कशाला दिवा? खोटी आन घेतली तवापासून लावत न्हवती ती." कुणी तिला गप्प केलं नाही. सगळे खाली बघत होते, म्हणजे सगळ्यांना ते माहीत होतं. स्वामींनी माझ्याकडं बघितलं. "तू हुतीस तितं," ते म्हणाले. "काय झालं हुतं?"

अव्वाचा उजवा तळहात मांडीवर उताणा पडला होता. मध्ये भाजल्याचा वण होता, बिब्ब्याएवढा.

मी गळ्यातली डबी बाहेर काढली आणि तिच्यावर हात ठेवला. "अव्वानं काय बी लावलं न्हवतं," मी म्हणाले. "पाय जायाचा म्हून मी भ्याले हुते, काय बी बोलले. या लिंगाची आन."

स्वामींनी मान डोलावली आणि माझ्या हातात दिवा दिला. मी तो अव्वासमोर ठेवायला खाली वाकले, आणि लुगड्याचा काठ नडगीवर ओढून घेतला.